सॉकेट काढायचं, पण लाइन तोडायची नाही

भिंतीवरचं नको असलेलं सॉकेट काढून तिथे कोरी पट्टी बसवायची आणि त्याच्या पुढचे पॉइंट पहिल्यासारखे चालू ठेवायचे, एवढ्या कामाला कर्जत, नेरळ, खोपोली, चौक या पट्ट्यात सध्या सामान धरून साधारण तीनशे ते पाचशे रुपये पडतात. घर बाजारपेठेजवळ असेल तर खालचा आकडा, आतल्या गावात असेल तर वरचा. याच कामाचे कुणी पन्नास रुपये देऊन नुसती टेप गुंडाळून घेतो, तर कुणी तीन हजार मोजून भिंत फोडून, गिलावा करून, वर रंगही मारून घेतो. फसतात दोघंही. पन्नासवाल्याला लवकर कळतं, तीन हजारवाल्याला दोन पावसाळे गेल्यावर.

सॉकेट काढण्याची आपल्याकडची कारणं बहुतेक ठरलेली आहेत. घाटाच्या पायथ्याचा हा मुलूख. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस भिंतीत मुरतो आणि त्या बाजूच्या भिंतीवरचं सॉकेट दर पावसाळ्यात घाम फुटल्यासारखं ओलं दिसतं. खोपोली-मोहोपाड्याच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा ओटा नवा केला की जुनं सॉकेट नेमकं सिंकच्या नळाशेजारी येतं. कुठे पलंगामागे दबलेलं असतं, कुठे रांगत्या पोराच्या हाताच्या उंचीवर. बंगले आणि फार्महाऊस यांचं दुखणं आणखी वेगळं. घर महिनोन्महिने बंद, मग कुंभारीण माशी सॉकेटच्या भोकात चिखलाचं घर बांधते. मालक शनिवारी येतो, चार्जर आत जात नाही, आणि कुणीतरी खिळा नाहीतर पेचकस घेऊन ती माती उकरायला बसतो. स्विच बंद आहे एवढ्या भरवशावर.

हे उकरणं पहिलं बंद करा. जुन्या वायरिंगमध्ये स्विच चुकून न्यूट्रलवर घेतलेला असू शकतो. तसं असलं तर स्विच बंद असूनही भोकात फेज जिवंतच असतो.

पट्टीमागे काय असतं

पैसे कशाचे द्यायचे हे कळायला बोर्डाच्या आत डोकावावं लागेल. घरातल्या प्रत्येक सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र वायर येत नाही. एका बोर्डाला आलेली वायर तिथून पुढच्या बोर्डाला जाते, त्याला सगळे वायरमन लूप म्हणतात. फेज, म्हणजे सहसा लाल वायर, स्विचला येते आणि स्विचवरून स्विचवर उड्या मारत पुढे जाते. स्विचच्या दुसऱ्या टोकापासून एक वीतभर तुकडा सॉकेटच्या एका पिनला येतो. न्यूट्रल, म्हणजे काळी, थेट सॉकेटच्या दुसऱ्या पिनला लागते आणि त्याच स्क्रूखालून दुसरी काळी पुढच्या खोलीकडे निघते. वरच्या जाड पिनला अर्थिंगची हिरवी, तिथेही बहुतेकदा दोन वायरी एकाच स्क्रूखाली. रंग सहसा असे असतात, पण घाईत जे बंडल हाताशी आलं ते वापरणारे कारागीर कमी नाहीत. रंग बघून अंदाज बांधावा, हात लावू नये.

म्हणजे ज्याला आपण नको असलेलं सॉकेट म्हणतो, तेच पुढच्या दोन-तीन पॉइंटचा जोडही असतं. ते उपटलं की हे जोड सुटतात. गंमत अशी, की दोन जोडांपैकी एकाचं सुटणं लगेच कळतं, दुसऱ्याचं कळतच नाही.

काळी सुटली तर पुढचं सगळं बंद पडतं. त्या लाइनवर एखादा दिवा किंवा टीव्ही चालू राहिला असेल तर आणखी एक चमत्कार दिसतो. टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. फेज उपकरणातून फिरून तुटलेल्या न्यूट्रलमध्ये आलेला असतो. घरातले म्हणतात, ‘लाइट तर आहे, मग पंखा का फिरत नाही?’ निदान वायरमनला परत बोलावलं तरी जातं.

हिरवी सुटली तर मात्र काहीच होत नाही. फ्रिज थंड करतो, मिक्सर फिरतो, गिझर तापतो. फक्त त्यांच्या धातूच्या अंगाला जमिनीची वाट राहिलेली नसते. उद्या आतली एखादी वायर खराब होऊन बॉडीला चिकटली तर फ्रिजच्या दाराला हात लावणारा माणूसच ती वाट होतो. म्हणून सॉकेट काढणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: ‘दादा, अर्थिंगचा लूप पुढे जोडणार ना?’ प्रश्नावर तो हसला किंवा ‘त्याची काय गरज’ म्हणाला, तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

बंद करणं म्हणजे नेमकं काय बंद करणं

खोलीची एमसीबी खाली केली की झालं, असं मानणारे पुष्कळ. एक पोलची एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल तसाच राहतो. आणि आपल्या भागात लाइट वरचेवर जात असल्यामुळे घरोघरी इन्व्हर्टर आहे. इन्व्हर्टरची स्वतंत्र फेज त्याच बोर्डात आलेली असते, एक-दोन दिव्यांसाठी, पंख्यासाठी, कधी वायफायच्या सॉकेटसाठी. महावितरणची लाइन बंद केली की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो इमानेइतबारे बोर्डात वीज सोडतो. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही बोर्ड मेला असं समजता, त्याच क्षणी त्यातली एक वायर बॅटरीवर जिवंत असते.

म्हणून क्रम असा. चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर टेस्टर पेटतो की नाही ते आधी पाहायचं. मग फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा मेन स्विच किंवा आयसोलेटर खाली, त्याबरोबर इन्व्हर्टरचं बटणही बंद. फार्महाऊसवर जनरेटर असेल तर त्याचा चेंजओव्हर मधोमध. जुन्या घरात किटकॅट फ्यूज असतील तर मेन खाली करून ते काढून काम करणाऱ्याच्या खिशात ठेवायचे, म्हणजे अंगणातून येणारा काका ‘लाइट कुणी घालवली रे’ म्हणत परत लावणार नाही. आणि मग उघडलेल्या बोर्डात पुन्हा तपासणी. ती नुसत्या टेस्टरवर सोडू नये. वीस-तीस रुपयांचा निऑन टेस्टर आपल्या अंगातून वाट काढून पेटतो. माणूस लाकडी स्टुलावर रबरी चपला घालून उभा असेल तर तो इतका मंद पेटतो की दिवसा उजेडात दिसतही नाही. वायरमनच्या पिशवीत मल्टिमीटर किंवा निदान टेस्ट लॅम्प असलाच पाहिजे. साधा डिजिटल मल्टिमीटर तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. ज्याच्याकडे तो नाही त्याच्याकडून पंखा पुसून घ्यावा, बोर्ड उघडून घेऊ नये.

लाइट गेलेलीच आहे तर तेवढ्यात उरकून घेऊ, हा विचारही करू नका. ती न सांगता जाते तशी न सांगता येते.

मीटरच्या अलीकडे, म्हणजे खांबाकडच्या बाजूला, कुणीही हात घालायचा नाही. मीटरचं सील आणि सर्व्हिस वायर महावितरणची. मीटरनंतरचं सगळं वायरिंग आपलं आणि त्याची जबाबदारीही आपली. मेन स्विचच खराब असेल, मीटरपाशी ठिणग्या दिसत असतील, तर १९१२ वर तक्रार नोंदवायची. सॉकेट काढण्यासाठी त्यांच्या परवानगीची गरज नाही. त्यामुळे मंजूर भार बदलत नाही आणि बिलही कमी होत नाही, हेही जाता जाता सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न हमखास येतो.

खर्च कुठे होतो

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं काम मॉड्युलर बोर्डाचं. सॉकेट चौकटीतून मागून दाबून निघतं, त्या जागी त्याच कंपनीची कोरी पट्टी बसते. ब्लँक मागितलं की दुकानदार देतो. एका मॉड्यूलची पट्टी दहा ते तीस रुपये, आणि सॉकेट दोन मॉड्यूलचं असल्याने तशा दोन लागतात. मागे न्यूट्रलसाठी एक आणि अर्थिंगसाठी एक असे दोन कनेक्टर. आजकाल लिव्हरचे कनेक्टर मिळतात. वायर सोलून आत घालायची, पाकळी दाबायची, ओढून बघायचं. एक नग तीस ते साठ रुपये. ते नसतील तर चिनी मातीचे स्क्रूवाले कनेक्टर, दहा-वीस रुपयांत. दिसायला जुनाट, पण नीट कसले तर उत्तम काम देतात. स्विचपासून सॉकेटकडे आलेला तो वीतभर तुकडा दोन्ही टोकांनी काढून टाकायचा. सॉकेटकडचं टोक टेप लावून आत कोंबलं आणि स्विच तसाच ठेवला, तर कुणीतरी तो स्विच दाबणारच, आणि आत एक मोकळं टोक जिवंत होणार. स्विचही काढून तिथे कोरी पट्टी लावणं योग्य. पण त्या स्विचवरून फेज पुढे उडी मारत असेल तर तिथे तिसरा कनेक्टर लागेल. मजुरी दीडशे ते अडीचशे, आणि फेरीचे शंभर-दीडशे वेगळे धरणारेही आहेत. त्यामुळे आधीच विचारा: ‘फेरी धरून किती?’

जुन्या सनमायकाच्या बोर्डाचं गणित थोडं वाढतं. सॉकेट काढलं की वर चौकोनी किंवा गोल भोक राहतं आणि त्याला मापाचं झाकण मिळेलच असं नाही. पुठ्ठा चिकटवून वर कॅलेंडर टांगलेली घरं आहेत. बोर्ड चांगला असेल तर वरचा पत्राच नव्याने कापून घ्यावा. पत्रा, कटिंग, पुन्हा स्विच बसवणं सगळं मिळून पाचशे ते आठशे. बोर्ड लाकडी, वाळवी लागलेला, मागे काळा पडलेला असेल तर त्यावर पैसे घालण्यापेक्षा पूर्ण बोर्ड मॉड्युलर करणं परवडतं. सहा-आठ मॉड्यूलच्या बोर्डाला डबा, प्लेट, स्विच, सॉकेट आणि मजुरी धरून बाराशे ते दोन हजार. ब्रँड वरचा घेतला तर आणखी चढेल.

तिसरा प्रकार एकट्या पॉवर पॉइंटचा. जुने कारागीर अजून त्याला पंधरा अँपियर म्हणतात, हल्लीच्या मानकात तो सोळाचा आहे. गिझर, एसी, इस्त्री यांसाठी वितरण पेटीतून थेट एकच जाड वायर इथे आलेली असते आणि पुढे कुठे जात नाही. इथे लूप राखायचा प्रश्नच नाही. मग ती वायर भिंतीत जिवंत कशाला ठेवायची? पेटीत तिच्या एमसीबीतून फेज सोडवायचा, टोकाला कनेक्टर लावायचा, पेटीवर चिठ्ठी चिकटवायची. भिंतीकडची टोकंही कनेक्टरमध्ये बंद करून वर कोरी प्लेट. चारशे-सहाशेचं काम. उद्या एसी लावायचा झाला तर वायर तयारच असते.

सॉकेट नुसतं काढायचं नाही, वर किंवा बाजूला हलवायचं असेल तर मजुरी एकदम उडी मारते. केसिंग-कॅपिंग पट्टीतून भिंतीवरून नेलं तर नव्या पॉइंटला सातशे ते हजार. भिंतीत झिरी मारून कन्सील करायचं तर पंधराशे ते अडीच हजार, आणि त्यात रंग नाही. स्वयंपाकघरात टाइल फुटणार असेल तर गवंड्याची किमान अर्ध्या दिवसाची हजेरी आणि जुन्या रंगाची टाइल शोधण्याची वणवण वेगळी. ही टाइल बहुधा मिळत नाही. म्हणून ओट्यावरचं सॉकेट काढताना टाइलला हात न लावता डबा तसाच ठेवून वर कोरी प्लेट, हे माझं मत. दिसायला थोडं उणं, पण दिसतं तरी.

गिलाव्याखाली जोड पुरू नका

‘दिसतं तरी’ हे मुद्दाम म्हटलं. कारण घरमालकाला प्लेट नको असते. रंग दिलेली सपाट भिंत हवी असते, आणि कारागीर त्याला नाही म्हणत नाही. तो दोन काळ्या पिळतो, दोन हिरव्या पिळतो, वर टेपचे चार वेढे, डब्यात कोंबतो, वर सिमेंट, वर पुट्टी. संध्याकाळपर्यंत सॉकेट होतं हे कुणाला कळणारही नाही. कळत नाही, हाच त्यातला धोका.

जोड म्हटला की तो कधीतरी सैल होतो. सैल झाला की तिथे उष्णता तयार होते. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टला साधारण पावणेनऊ अँपियर ओढतो. घट्ट जोडातून ते सहज जातात, सैल जोडात तेवढाच प्रवाह तांबं काळं पाडतो आणि प्लॅस्टिक वितळवतो. यात वाईट असं की एमसीबीला हे कळत नाही. प्रवाह ठरल्याइतकाच आहे, मग ती का पडेल? गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती जमिनीकडे नाही. जोड तापतोय हे सांगणारी एकच गोष्ट घरात असते, ती म्हणजे आपलं नाक आणि हात: प्लेटला येणारा करपट वास, कोमट लागणारी पट्टी. गिलाव्याखाली गेल्यावर तेही गेलं.

त्यात आपला पावसाळा. टेपचा डिंक उन्हाळ्यात पाझरतो, पावसाळ्यात सुटतो. ओली भिंत आणि उघडं पडलेलं तांबं एकत्र आलं की भिंतीला हात लावला की झिणझिण्या येऊ लागतात. मग वायरमन तीन खोल्यांचे बोर्ड उघडतो आणि दोष सापडत नाही, कारण जोड ज्या भिंतीत आहे तिथे सॉकेट होतं हे सांगणारा माणूस घर विकून गेलेला असतो. शोधण्याचे हजार, फोडण्याचे हजार, पुन्हा रंग.

सपाट भिंतच हवी असेल तर त्याचा एकच सरळ मार्ग आहे: आधीच्या बोर्डापासून पुढच्या बोर्डापर्यंत मधला जोड न ठेवता अखंड वायर ओढून घेणं. पाइप मोकळा असेल तर जुन्या वायरीला नवी बांधून ओढता येते, वायर धरून आठशे ते पंधराशेत काम होतं. मग डबा खुशाल बुजवा. पाइप चेपलेला निघाला तर कोरी प्लेट मान्य करा आणि तिच्यापुढे फुलदाणी ठेवा.

अॅल्युमिनियमच्या वायरी असलेल्या घरांना वेगळी सूचना. जुन्या चाळी, जुनी सरकारी क्वार्टर्स, तीसेक वर्षांपूर्वीचे स्लॅबचे बंगले यांत त्या अजून सापडतात. करडी चमक, एकच जाड तार, दोनदा वाकवली की मोडते. अशा तारेला तांब्याची वायर पिळून जोडणं म्हणजे बिघाड पेरणं. दोन धातूंच्या जोडावर ओल बसली की गंज धरतो आणि पकड जाते. सॉकेट काढताना तार तुटून भिंतीत आखूड झाली तर पाचशेच्या कामाचे पाच हजार व्हायला वेळ लागत नाही. कामाआधीच वायरमनला एक बोर्ड उघडून धातू कोणता ते बघायला सांगा. अॅल्युमिनियम निघालं तर एकेका सॉकेटमागे खर्च न करता ती लाइनच बदलण्याचा हिशेब मांडून घ्या.

नदीकाठच्या घरांचं वेगळं

उल्हासच्या काठी, कर्जत आणि दहिवलीच्या सखल भागात, वर सांगितलेला स्वस्त मार्ग लागू नाही. २६ जुलै २००५ ला नदी घरांत शिरली, २०२१ च्या जुलैतही पाणी चढलं. पाताळगंगेच्या काठाला खालापूर तालुक्यातही सखल घरं आहेत. अशा घरात कमरेखालचं सॉकेट काढून मागे जोड ठेवला, तर कोरी प्लेट पाणी अडवत नाही. सॉकेट गेलं तरी जोड बुडणारच. इथे खालचा लूपच उचलायला हवा. वायर वरून, दाराच्या चौकटीच्या उंचीवरून फिरवायची, तिथून खाली फक्त चार-साडेचार फुटांवर सॉकेट आणायचं आणि त्याखाली वीज ठेवायचीच नाही. केसिंगमधून केलं तर एका खोलीला दोन ते साडेतीन हजार. शिवाय खालच्या मजल्याची एमसीबी वेगळी करून घेतली, तर पाणी चढताना वरचा मजला चालू ठेवून खालचा बंद करता येतो. एका एमसीबीचे दीडशे-अडीचशे आणि लावण्याची मजुरी, एवढ्यावर हे होतं. पूर ओसरल्यावर बुडालेलं सॉकेट उन्हात वाळवून परत लावू नका. आतल्या स्प्रिंगला आलेला गंज बाहेरून दिसत नाही.

सामान आणि माणूस

वीस रुपयांच्या कोऱ्या पट्टीसाठी कुणी लोकल पकडून मुंबईच्या लोहार चाळीत जाऊ नये. कर्जत, नेरळ आणि खोपोलीच्या दुकानांत हे सगळं मिळतं. अडचण येते ती जुळण्याची. प्रत्येक कंपनीच्या मॉड्यूलचा खटका वेगळा, आणि जुनी मालिका बंद झालेली असू शकते. काढलेलं सॉकेट खिशात घालून दुकानात न्या. आयएसआय खूण बघा: वायरीवर आयएस ६९४, सॉकेटवर आयएस १२९३, स्विचवर आयएस ३८५४ असा आकडा छापलेला असतो, खुणेखाली परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या ॲपवर टाकला की कंपनी खरी की खोटी ते कळतं. फार्महाऊसच्या कामाला मुंबईहून ‘सेम टू सेम’ ब्रँडचं सामान स्वस्तात आणणाऱ्या ठेकेदाराला हे ॲप जरूर दाखवावं.

माणूस कोण, यावर कायद्याचं म्हणणं स्पष्ट आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं वगळता वायरिंगमधली भर, फेरफार आणि दुरुस्ती परवानाधारक ठेकेदाराने, प्रमाणपत्रधारकाच्या देखरेखीखाली करायची असते. सॉकेट बदलून तसंच दुसरं लावणं आणि सॉकेट काढून लूप नव्याने जोडणं यात हा फरक आहे. प्रत्यक्षात एका सॉकेटसाठी ठेकेदार येत नाही, त्याच्या हाताखालचा पोरगा येतो. हरकत नाही, पण त्याने आयटीआयमध्ये वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा कोर्स केलाय का, आणि कुणाच्या परवान्यावर काम करतो, हे विचारायला लाजू नका. महावितरणचा लाइनमन ओळखीचा आहे म्हणून त्याला घरातलं काम सांगणारे खूप. त्याचं कौशल्य खांबावरचं, आणि घरातलं काम त्याचं कामही नाही.

ठेकेदार एका सॉकेटला येत नाही, यावरचा उपाय म्हणजे कामं साठवणं. सैल झालेले स्विच, कुरकुरणारा रेग्युलेटर, नको असलेली दोन सॉकेटं, बाथरूमजवळचा दिवा, सगळं एका फेरीत. कडाव, कशेळे किंवा त्याच्या आत गेलात की फेरीचाच खर्च कामाइतका होतो. शनिवार-रविवारी फार्महाऊसची मागणी असल्यामुळे दरही चढतो आणि घाईही होते. मंगळवार-बुधवारी बोलावलं तर तोच माणूस निवांत काम करतो. बंगला सांभाळणाऱ्या दादांना फोनवरून काम सांगून मोकळे होणाऱ्या मालकांनी एवढं करावं: प्लेट बसवण्याआधी आतल्या जोडांचा फोटो मागवावा. माथेरान कर्जत तालुक्यातच, पण तिथला हिशेब निराळा. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत, पुढे सामान डोक्यावर, घोड्यावर नाहीतर हातगाडीवर. खालून जाणारा वायरमन तिथे एका सॉकेटलाही दिवसाची हजेरी लावतो, हजार-बाराशे, आणि ती वाजवीच आहे. तिथे काम एकाच फेरीत संपवा, राहिलेल्या कनेक्टरसाठी कुणी खाली उतरणार नाही.

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचं वीज प्रकरण गमतीचं आहे. टाटांचं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी पाइपांतून खाली उतरवून दोन्हीकडे वीज तयार झाली आणि तारांवरून थेट मुंबईच्या गिरण्यांना गेली. वीजघराच्या आसपासच्या कितीतरी वाड्या त्यानंतर दशकानुदशकं कंदिलावर होत्या. त्यामुळे इथली घरं वायरिंगच्या बाबतीत अनेक वयांची आहेत, आणि शेजाऱ्याला काम केवढ्याला पडलं हे ऐकून आपला अंदाज बांधता येत नाही.

पैसे देण्याआधी

प्लेट लावण्याआधी प्रत्येक जोडातली प्रत्येक वायर तुमच्यासमोर एकेक करून ओढून दाखवायला सांगा. सुटली तर आत्ता सुटू दे. मग वीज चालू करून पुढच्या लाइनवरचे सगळे पॉइंट बघायचे, आणि नुसता मोबाइल लावून नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, दोनशे-तीनशे रुपयांना. तो अर्थिंग आहे की नाही आणि फेज-न्यूट्रल उलटे झालेत का ते सांगतो. वायरमनकडे असतो, नसला तर घरात एक घेऊन ठेवण्यासारखा. त्यानंतर पुढच्या सॉकेटवर इस्त्री दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि कोऱ्या प्लेटवर हात ठेवून बघा. किंचितही कोमट लागली तर बोर्ड पुन्हा उघडायचा, मजुरी नंतर.

वितरण पेटीत ३० मिलिअँपियरची आरसीसीबी असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबून ती पडते का बघा. नसेल, आणि हाताशी थोडे पैसे असतील, तर बाकी सगळी सजावट मागे ठेवून ती आधी बसवा. दोन पोलची चांगल्या कंपनीची पंधराशे ते अडीच हजार, मजुरी तीन-चारशे. ओल्या भिंतींच्या मुलखात याहून उपयोगी दोन-अडीच हजार घरात दुसरे खर्च होत नाहीत. ती बसवल्यावर वारंवार पडायला लागली तर वायरमन ‘काढून टाकू, साहेब’ म्हणेल. काढू देऊ नका. पडते याचा अर्थ कुठेतरी गळती आहे आणि ती शोधायची बाकी आहे.

प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि ‘न्यूट्रल, अर्थ जोड’ एवढं लिहून घ्या. बिल मागा, निदान वहीच्या कागदावर तरी, काय काढलं आणि काय जोडलं ते लिहून. काम बिघडलं आणि माणूस फोन उचलेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग अलिबागला. पण चारशे रुपयांच्या सॉकेटसाठी कर्जतहून अलिबागच्या खेपा कोण घालणार? तेव्हा इस्त्रीची ती दहा-पंधरा मिनिटं त्याला बसवून ठेवा, चहा पाजा, आणि प्लेट गार आहे हे पाहूनच पैसे हातावर ठेवा.